कोरा नमुना

३ नोव्हेंबर, सोमवार

सोसायटीने वर्षाच्या सुरुवातीला वाटलेली ही डायरी आजपर्यंत सुपारीच्या पावत्या उडू नयेत म्हणून त्यांच्यावर ठेवत होतो. आज उघडली. घरात माणसं दोन, बायको तैयबा आणि मुलगी जुनेरा, आणि दोघीही माझ्याशी बोलत नाहीत. बोर्लीच्या बाजारात कुणापाशी मन मोकळं करावं तर संध्याकाळच्या मगरिबच्या नमाजाआधी ती गोष्ट दिवेआगरच्या समुद्रात बुडी मारून परत येईल. म्हणून इथे लिहितो. उर्दू मी वाचतो, पण राग मला मराठीत येतो.

जुनेराचा निकाह श्रीवर्धनच्या फहादशी ठरला आहे, ११ जानेवारीला. मुलगा शारजात एसीच्या कंपनीत सुपरवायझर आहे. नमाजी आहे, नजर खाली ठेवून बोलतो, पानात पडेल ते खातो. सुट्टीवर आला म्हणून आज वडिलांना घेऊन भेटायला आला होता. हात धुवायला उठला आणि त्याच्या जाकिटातून एक बोटभर बाटली पडून माझ्या पायाशी आली. मला वाटलं अत्तर. मनगटाला चोळलं तर हापूस आंब्याचा वास! ऐन नोव्हेंबरात! जुनेराने बाटलीवरची बारीक इंग्रजी अक्षरं वाचली आणि तिचा चेहरा उतरला. विजेच्या सिगरेटीत घालायचं ते पाणी होतं. निकोटीन शून्य, असंही त्यावर लिहिलं होतं.

फहाद म्हणाला, "चाचा, झूट बोलणार नाही. तिकडे सिगरेट लागली होती. ती सोडायला हे घेतलं. आता हेही सुटलं. यंत्र शारजातच फेकून आलो. ही शेवटची बाटली, नुसता वास आहे हिला." पुढे तो काहीतरी नंबर सांगायला लागला, आधी इतका, मग तितका. मी हात वर करून त्याला थांबवलं. व्यापाऱ्याला हिशेब शिकवू नये. तैयबाने मात्र नंतर त्याला स्वयंपाकघराच्या दारात गाठून बराच वेळ काहीबाही विचारलं. बायकांना कशातही रस वाटतो.

शून्य म्हणे! माझ्या गोदामातल्या प्रत्येक पोत्यावर मी स्वतःच्या हाताने 'एक नंबर सुपारी' लिहितो. लिहिलेल्याची किंमत मला चांगली ठाऊक आहे. मी सर्वांदेखत सांगून टाकलं, बाटली तपासून घ्यायची. निकोटीनचा थेंब जरी निघाला तरी नातं नाही. आमच्या घरात तीन पिढ्या तंबाखूला कुणी शिवलेलं नाही. त्यावर फहादचे वडील दाढीतल्या दाढीत हसले आणि म्हणाले, "समदभाई, शर्त दोन्ही बाजूंना ना?" मी म्हटलं, "अलबत! माझ्या घरात निघालं तरी नातं नाही. अब्दुस्समदची जबान एक असते." ते का हसले, कळलं नाही.

राग इतका चढला होता की मंडळी गेल्यावर लागोपाठ दोनदा मशेरी लावली. मग कुठे डोकं थंड झालं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

जुनेरा अखेर बोलली. बोलली नसती तर बरं. म्हणे, "अब्बा, मशेरी कसली असते?"

ही पोरगी बी.एस्सी. झाली. मी शांतपणे समजावलं. तंबाखूचं पान तव्यावर काळंठिक्कर होईपर्यंत भाजायचं, कुटायचं, चाळायचं आणि बोटाने दातांना लावायचं. पण भाजल्यावर तंबाखू उरते कुठे? लाकूड जळलं की त्याला कुणी लाकूड म्हणतं का? तो कोळसा. आणि कोळशाने दात घासा असं हकीमसुद्धा सांगतात. जहर असेल ते तव्यावरच धूर होऊन जातं. हे जुनेराच्या आजोबांचं, आमच्या वालिदांचं म्हणणं, आणि ते मरेपर्यंत मशेरी लावत होते. त्यांचे दात शेवटपर्यंत शाबूत होते. तोंडाचा आजार झाला तो वेगळा.

जुनेरा म्हणाली, "मग दिवसातून दहा वेळा दात कशाला घासता?"

स्वच्छता हा निम्मा ईमान आहे, मी म्हटलं. ती उठून गेली.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

दर शुक्रवारी तैयबा टॉर्च घेऊन माझा खालचा ओठ तपासते. आत एक पांढरा चट्टा आहे, तिखट लागलं की चुरचुरतो. गरम चहाने पडला असणार. ती म्हणते माणगावला डॉक्टरकडे चला. मी म्हणतो, सुपारी वाळत घालायच्या दिवसांत मला आजारी पडायला फुरसत नाही. आजही तेच बोलणं झालं आणि आजही ती टॉर्च विझवून आत गेली.

दुपारी बाटली घेऊन कल्पिताकडे गेलो. ही जुनेराची कॉलेजातली मोठी मैत्रीण. आधी महाडच्या औषधाच्या कारखान्यात होती, आता बाजारात झेरॉक्सच्या दुकानावर तिची लॅब आहे. विहिरीचं पाणी आणि खोबरेल तपासते. बाटली बघून म्हणाली, "काका, हे माझ्याकडे नाही होणार. महाडला माझ्या मैत्रिणीकडे निकोटीन मोजणारी जीसी मशीन आहे, तिला विचारते. पण ह्या प्रकाराला आपल्याकडे बंदी आहे, त्यामुळे शिक्क्याचा रिपोर्ट मिळणार नाही. फक्त आकडा सांगेल."

शिक्का नसलेला कागद मी आयुष्यात घेतलेला नाही, पण पोरीच्या भल्यासाठी गप्प बसलो.

तिने दोन छोट्या काचेच्या कुप्या घेतल्या. एकीत बाटलीतलं थोडं पाणी घातलं. दुसरीत नुसतं ग्लिसरीन आणि तसलंच काही, वास नाही, रंग नाही. मी विचारलं, हे काय? म्हणाली, "हा कोरा नमुना. ह्यात निकोटीन नाही हे आपल्याला माहीत आहे. दोन्ही कुप्या बरोबर जातील. वाटेत बाहेरून काही मिसळलं तर ह्या कोऱ्यात दिसेल."

मी म्हटलं, "वाटेत काय मिसळणार? मी स्वतः घेऊन जातो."

"कुरिअरने पाठवते ना काका."

आता कुरिअरवाल्यावर माझ्या पोरीचा निकाह सोपवू? कुप्या मीच नेणार.

१२ नोव्हेंबर, बुधवार

महाडला जाऊन आलो. कुप्या सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवल्या होत्या, मशेरीच्या डबीला लागून, म्हणजे हात लावला की सगळं जागेवर आहे हे कळावं. एसटी म्हसळ्याला थांबली तेव्हा खाली उतरून मशेरी लावली, माणगावला पुन्हा लावली. प्रवासात तोंड खराब होतं.

माणगावच्या पुढे मनात आलं, आपण व्यापारी माणूस. सुपारी फोडून, चावून पाहिल्याशिवाय पोतं पुढे देत नाही, आणि इथे डोळे झाकून दोन कुप्या पोचवायच्या? कल्पिता गुणी पोर आहे, पण जुनेराची मैत्रीण आहे. दोघींनी मिळून साखरेचं पाणी भरलं असेल तर? झाकणं उघडली. फहादच्या कुपीत बोटाचं टोक बुडवून जिभेला लावलं. गोड, आंब्याची चव. कोऱ्यात बुडवलं, काहीच चव नाही. संशय आला म्हणून परत बुडवलं, जरा खोल. नुसतंच गोडसर. मग झाकणं घट्ट लावली, वरची पट्टी होती तशी चिकटवली. कुणाला कळणारसुद्धा नाही.

महाडच्या बाईंनी कुप्या उजेडात धरून पाहिल्या. म्हणाल्या, "कोऱ्यात काही काळं दिसतंय." मी म्हटलं, तुमच्या काचेचा दोष असेल. मोठमोठ्या मशिनी ठेवतात आणि काच धड पुसत नाहीत.

२० नोव्हेंबर, गुरुवार

कल्पिता स्वतः घरी आली, फोनवर आकडे घेऊन. मी, तैयबा, जुनेरा, सगळे बैठकीत बसलो. खोटं कशाला लिहू, पोरगा मला आवडला होता.

कल्पिता म्हणाली, "फहादच्या नमुन्यात अगदी किंचित निकोटीन आलंय."

जुनेराने ओढणी तोंडावर धरली. मी उठून उभा राहणार तेवढ्यात कल्पिता म्हणाली, "थांबा काका. कोऱ्या नमुन्यात त्याच्या दुप्पट आलंय."

 मग मला एकदम उजेड पडला. म्हणजे ग्लिसरीनमध्येच निकोटीन! खोकल्याच्या औषधात हेच तर असतं, मुलाबाळांना हेच पाजतात! मी तिथल्या तिथे उठलो आणि फळीवरची खोकल्याची बाटली मोरीत ओतली. तैयबा म्हणाली, "ती कालच आणली व्हती." मी म्हटलं, जान वाचली समज.

कल्पिताने शांतपणे विचारलं, "काका, वाटेत झाकणं कुणी उघडली?"

"कुणी नाही. मी फक्त माल तपासला."

"कशाने?"

मी उजवं बोट दाखवलं. ती बराच वेळ बोटाकडे बघत राहिली. अकीकाची अंगठी त्याच बोटात आहे, येमेनचा खडा आहे, नजर खिळणारच. मग तिने जुनेराकडे पाहिलं, जुनेराने तैयबाकडे. तैयबा म्हणाली, "नमुना कोण ता कळला," आणि तिघी आत गेल्या. नमुन्यांचं मला कधीच कळलं होतं, त्यात नवीन ते काय?

आतून हसण्याचा आवाज आला. मग हसणं थांबलं आणि तिघींची कुजबुज सुरू झाली.

२९ नोव्हेंबर, शनिवार

बाटलीत उरलेलं पाणी कल्पिताने हातमोजे घालून पुन्हा भरलं आणि नवा कोरा नमुना घेऊन ती स्वतः महाडला गेली. मला बरोबर घेतलं नाही. आज ती निकाल घेऊन घरी आली. फहादची बाटली शून्य. कोरासुद्धा शून्य. अल्हमदुलिल्लाह! मी जुनेराच्या डोक्यावर हात ठेवला.

पण निकाल ऐकायला फहादला घेऊन आलेले त्याचे वडील बसलेच होते. चहा संपवून म्हणाले, "आमची बाजू झाली, समदभाई. मग पहिल्या वेळी निकोटीन आलं कुठून?" ह्या माणसाला गोड बोलून टोचायची सवय आहे.

मी म्हटलं, "जिथून आलं असेल तिथून येवो. माझं बोट लागलं होतं म्हणता? तपासा माझं बोट! महाडला न्या, मुंबईला न्या! निकोटीन निघालं तर हा निकाह होणार नाही. मी जबान दिली आहे आणि ती स्वतःसाठी बदलणारा मी नाही."

माझ्या ह्या बोलण्यावर सगळे खूश होतील असं वाटलं होतं. पण जुनेरा भिंतीसारखी पांढरी पडली. फहाद खुर्चीतून अर्धवट उठून तसाच राहिला. खुद्द त्याचे वडील गडबडून म्हणाले, "अरे, मी मस्करी केली हो, जाऊ द्या." मी म्हटलं, मस्करीतसुद्धा जबान म्हणजे जबान.

तैयबा हातातली बशी खाली ठेवून म्हणाली, "घेऊ दे बोट. पण आत्ता नको. कल्पिता, तुमची मशीन आजारी हाय ना?"

कल्पिता म्हणाली, "अं? हो. हो हो. काहीतरी भाग बदलायचाय. जानेवारीपर्यंत बंद."

एवढी महागाची मशीन, आणि दोन नमुन्यांत आजारी. माझा तवा चाळीस वर्षं चालतोय.

५ डिसेंबर, शुक्रवार

तैयबाने मशेरी भाजायचं काम बहिणीकडे नेलं. धुराने जुनेराला खोकला होतो म्हणे, निकाहआधी आवाज बसायला नको. डबी भरून आणून देते. ठीक आहे.

दुपारी तिला फोनवर बोलताना ऐकलं. फहादशी. "बारा झाला. आता सहावर आणू? का घाई व्हईल?" मला कौतुक वाटलं. वऱ्हाडाच्या गाड्या कमी करतायत. खर्चाचा विचार करणारा जावई मिळायला नशीब लागतं.

१३ डिसेंबर, शनिवार

ह्या वेळची मशेरी फिकी आहे. लावली काय आणि न लावली काय. सकाळपासून कितीदा लावली आठवत नाही, बोट दुखलं, पण डोकं काही थंड होत नाही. बाजारात जाऊन तंबाखूच्या पानवाल्याला झापलं. तो कसमा खाऊन सांगतो, पान तेच आहे, चाची नेतात मात्र कमी. मी म्हटलं, स्वतःची लबाडी माझ्या बायकोवर ढकलू नको.

परत येताना आमच्या वाळत घातलेल्या सुपारीपाशी एका पर्यटकाने गाडी थांबवून विचारलं, हे छोटे नारळ कसे दिले? सुपारीला नारळ म्हणाला! एरवी मी हसून दोन सुपाऱ्या हातात दिल्या असत्या. आज त्याला सुपारीच्या झाडापासून अडकित्त्यापर्यंत सगळं सुनावलं. त्याची बायको गाडीत रडकुंडीला आली.

१८ डिसेंबर, गुरुवार

डोकं दुखतं. रमजानात पहिल्या रोज्याला दुखतं तसंच. पण ते उपासाने, आणि रमजान फेब्रुवारीत आहे, आणि आज मी चार भाकऱ्या खाल्ल्या. रात्री झोप नाही. कोंबड्याने बांग दिली म्हणून त्याच्याशी भांडलो. तैयबा खिडकीतून बघत होती. एरवी ती मला चार शब्द सुनावते, आज काही न बोलता आल्याचा चहा आणि बशीभर भाजलेली बडीशेप ठेवून गेली. मुलगी सासरी जायच्या विचाराने ती हळवी झाली असेल. मीसुद्धा झालोय बहुतेक. काल जुनेराची जुनी स्लेटपाटी सापडली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या! गोदामात पोत्याआड जाऊन पुसलं.

२१ डिसेंबर, रविवार

फोनवर पुन्हा. "तीनवर आलेत. चिडचिड लय हाय. परवा कोंबड्यालाबी सोडला न्हाय." आणि थोड्या वेळाने, "व्हय, पुढल्या जुम्म्यापासून शून्य."

बारा गाड्यांच्या सहा झाल्या, सहाच्या तीन, ते समजलं. पण शून्य? वऱ्हाड काय पोहत येणार आहे? मी तैयबाला विचारलंच. ती दचकली. मग म्हणाली, "ते आपापल्या गाड्यांनी येतील." बरं. पण चिडचिड करणारा तो कोण ते विचारायचं राहून गेलं. त्यांच्याकडचा कुणी म्हातारा असणार. लग्नात असा एखादा असतोच.

२ जानेवारी, शुक्रवार

जुनी डायरी संपली, आता तिच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहितो.

टॉर्चची तपासणी झाली. तैयबाने नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला. मी म्हटलं, "काय झालं? मोठा झाला का?" ती म्हणाली, "न्हाय. बारीक झालाय." आणि टॉर्च तशीच चालू ठेवून पदराने नाक पुसलं. परवा सुकटीची लालभडक चटणी खाल्ली आणि चुरचुरलं नाही, हे मला तेव्हा आठवलं.

डोकं आता दुखत नाही. मशेरी अजून फिकीच आहे, पण सवय झाली. दिवसातून तीनचारदा लावतो, बाकी वेळ आठवणसुद्धा राहत नाही. वय झालं.

३ जानेवारी, शनिवार

मशीन बरी झाली. कल्पिता आली. मी मुद्दाम तिच्यादेखत मशेरी लावली, हात धुतले नाहीत, आणि ते बोट तसंच तिच्या कुपीत बुडवलं. तैयबा म्हणाली, "अहो, धुवा तरी." मी म्हटलं, नाही! सच्च्याला साबण कशाला? कल्पिताने शेजारी एक कोरा नमुनाही ठेवला. ह्या वेळी मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

जुनेरा रात्री जेवली नाही. मी म्हटलं, बेटा, तुझ्या अब्बावर भरवसा नाही? ती म्हणाली, "अब्बा, तुमच्यावर नाही, अम्मीवर आहे." ह्याचा अर्थ काय घ्यायचा?

६ जानेवारी, मंगळवार

शून्य!

माझं बोट शून्य! मशेरी लावलेलं, न धुतलेलं बोट! कल्पिताचा फोन आला, तो स्पीकरवर लावून मी तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं. जुनेरा आईच्या गळ्यात पडून रडली. माझ्या गळ्यात पडायला हवी होती, बोट माझं होतं. पण जाऊ दे.

लगेच श्रीवर्धनला फोन करून व्याह्यांना ऐकवलं. वालिद खरं सांगत होते, जहर तव्यावरच जळतं, आता मशीनसुद्धा तेच म्हणते. मग पुन्हा कल्पिताला फोन लावून सांगितलं, हे सगळ्या जगाला कळव. ती फोनवर घाईघाईने म्हणाली, "नको काका, प्लीज. कुणालाही सांगू नका. एका बोटावरून असं काही सिद्ध होत नाही." विनयशील पोर आहे.

११ जानेवारी, रविवार

निकाह झाला. जुनेराने तीनदा कबूल म्हटलं, तिसऱ्यांदा मला ऐकूच आलं नाही, कानात काहीतरी भरून आलं होतं. वऱ्हाड सात गाड्यांतून आलं. शून्य कुठे, सात कुठे. तेव्हाच मला काहीतरी खटकलं होतं.

जेवणाच्या वेळी भरडखोलचा गुणाजी आला, टोपलीभर पापलेट घेऊन. आम्ही शाळेत एका बाकावर होतो. त्याची बोट दोन महिने समुद्रावर जातेयेतेय, त्यामुळे भेट नव्हती. मांडवामागे नेऊन म्हणाला, "समद, मशेरी काढ रं जरा. माझी डबी पाण्यात पडली."

मी डबी दिली. त्याने चिमूट घेतली, दातांना लावली, आणि थांबला. परत लावली. मग थुंकला.

"ह्यो काय लावतोस तू?"

"मशेरी."

"ही मशेरी न्हाय. ही करवंटी हाय! नारळाची करवंटी जाळून कुटलेली, वर लवंग घातलीय. माझी आय शेवटी शेवटी हीच लावायची, डागतरानं तंबाखू बंद केली तवा." त्याने डबीत बोट फिरवून वास घेतला. "एक कण तंबाखू न्हाय ह्यात, समद. तुला कुणीतरी लय येड्यात काढलंय."

मी डबी घेतली. वास घेतला. खरंच, नारळाचा वास होता. इतके दिवस माझ्या नाकाखाली होता.

मग सगळं एकामागून एक आलं. बारा. सहा. तीन. पुढल्या जुम्म्यापासून शून्य. फहाद पहिल्या दिवशी निकोटीन उतरवत नेल्याचे जे नंबर सांगत होता आणि मी हात वर करून थांबवलं ते. बहिणीकडची भट्टी. आजारी मशीन. आल्याचा चहा. चिडचिड करणारा तो म्हातारा. अब्दुस्समद, तूच रे तो म्हातारा! खरी तंबाखू मी शेवटची कधी ओठाला लावली, तो दिवससुद्धा मला माहीत नाही. तिला माहीत आहे.

आधी राग आला. मग हसू आलं. मग लाज वाटली, कारण वालिद चुकले होते, आणि ते कशाने गेले हे मला कायम ठाऊक होतं, मी फक्त त्याचं नाव घेत नव्हतो. बोट त्या दिवशी नोव्हेंबरात तपासलं असतं तर मी माझी जबान पाळली असती. मी खरोखरच पाळली असती, इतका मी गाढव आहे, आणि आज हा मांडव नसता. माझी जबानही तिने राखली आणि पोरीचं लग्नही. वर ओठ राखला तो वेगळाच.

गुणाजी म्हणाला, "वहिनीला इचारतो थांब, कसली गंमत हाय ही." मी त्याच्या तोंडात बिर्याणीचा मोठा घास कोंबला आणि सांगितलं, तो घास गिळशील तेव्हा ही गोष्टही गिळ.

तैयबा बायकांच्या पंगतीत वाढत होती. मी बाजूला बोलावलं. तिच्या चेहऱ्यावर एकदम भीती आली. तिला तसं घाबरलेलं बघून मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, "काही नाही. म्हटलं, ह्या वेळची मशेरी जरा कडक झालीय. पुढच्या वेळी थोडी हलकी कर."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बघते," आणि वळली. पाठमोरे खांदे हलत होते. हसत होती की रडत होती, ते मला मागून कळलं नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार

जुनेरा गेल्यापासून घर मोठं वाटतं.

तैयबाने आज मशेरी घरीच केली. दार लावलं नाही, खिडकी लावली नाही. मागच्या चुलीत करवंट्या ताडताड फुटत होत्या आणि शेजारच्या वाडीपर्यंत जळक्या नारळाचा वास गेला होता. मी दारात उभा राहून म्हटलं, "वा! ह्या वेळी पान काय जोरदार मिळालंय."

मागे न बघता ती म्हणाली, "नेहमीच्याच दुकानातला हाय."

सोमवारी माणगावला डॉक्टरकडे जायचं मी कबूल केलं. तिने राखेचे हात धुतले, डबी भरून माझ्यापुढे ठेवली, टॉर्च घेतली आणि म्हणाली, "ओठ दाखवा."

मी दाखवला.